वाय-फायच्या नोंदीतून खोली वाचताना

राउटरकडून मोबाइलकडे निघालेली लहर एकाच वाटेने पोचत नाही. थोडी थेट येते, थोडी भिंतीवर आपटून, थोडी लोखंडी कपाटावरून, थोडी खोलीत बसलेल्या माणसाच्या अंगावरून परतून. अँटेनापाशी या सगळ्या वाटांची बेरीज होते, आणि ती उलगडल्याशिवाय मोबाइलमधल्या चिपला पॅकेट वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेला एक संकेत जोडलेला असतो. तो किती बिघडून पोचला यावरून चिप वाटेचा अंदाज बांधते, त्या अंदाजाने पुढचे पॅकेट दुरुस्त करून वाचते आणि मग तो अंदाज टाकून देते. गेल्या दीड दशकात वाय-फायवरून माणसाची जागा, चाल, श्वास ओळखण्याचे जे संशोधन झाले, त्याचा मोठा भाग टाकून दिल्या जाणाऱ्या याच अंदाजावर उभा आहे. त्याला चॅनेल स्टेट इन्फर्मेशन म्हणतात. संशोधक नुसते सीएसआय म्हणतात.

या विषयावरच्या निबंधांत शेवटची चित्रे देखणी असतात. हातवाऱ्यांचे ठसे, चालण्याच्या लाटा, खोलीच्या नकाशावरचे ठिपके दिसतात. लॉग फाइलमधल्या बाइटपासून त्या चित्रापर्यंतचा रस्ता मात्र बहुधा एका परिच्छेदात उरकलेला असतो. माझ्या मते खरे यशापयश त्याच रस्त्यावर ठरते, म्हणून हा आढावा तिथेच रेंगाळणार आहे.

सीएसआयच्या आधी हाताशी होता तो आरएसएसआय, म्हणजे सिग्नल किती जोराचा आहे हे सांगणारा एकच आकडा. मोबाइलच्या कोपऱ्यातल्या दांड्या त्यावरूनच ठरतात. तो कुठल्याही पॅकेटच्या नोंदीत सहज मिळतो, पण तो सगळ्या वाटांच्या बेरजेचा निव्वळ जोर असतो. दोन वाटा एकमेकींना मारक ठरल्या की तो पडतो, पूरक ठरल्या की वर जातो, आणि आत काय घडले ते झाकलेलेच राहते. शिवाय प्रत्येक कंपनीची चिप तो आपल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे दोन यंत्रांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे असते. सीएसआय याच्या कितीतरी पुढे जातो. वाय-फायच्या २० मेगाहर्ट्झ पट्ट्याचे ३१२.५ किलोहर्ट्झचे ६४ बारीक भाग पडतात. ८०२.११एन या मानकात त्यांतले ५६ वापरात असतात. या प्रत्येक भागाला सबकॅरिअर म्हणतात आणि प्रत्येकासाठी एक संमिश्र संख्या मिळते. तिचा आयाम सांगतो की लहर किती क्षीण झाली, आणि फेज सांगतो की ती आपल्या फेऱ्यात कुठे होती.

हा अंदाज चिपबाहेर काढण्याची वाट मोकळी झाली ती २०११ मध्ये. वॉशिंग्टन विद्यापीठातले डॅनियल हॅल्परिन, वेनजुन हू, डेव्हिड वेदरॉल आणि इंटेलच्या प्रयोगशाळेतले अनमोल शेठ यांनी इंटेल ५३०० या लॅपटॉपमधल्या साध्या वाय-फाय कार्डासाठी बदललेले फर्मवेअर, लिनक्सचा ड्रायव्हर आणि नोंद वाचणाऱ्या मॅटलॅबच्या स्क्रिप्ट खुल्या केल्या. कार्ड स्वस्त होते, त्याला तीन अँटेना जोडता येत, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांना ते परवडत होते. पुढची अनेक वर्षे या क्षेत्रातले बहुसंख्य प्रयोग त्याच एका कार्डावर झाले. ज्यांनी आपली साधने अशी मोफत देऊन टाकली त्यांचे ऋण या विषयावर फार मोठे आहे.

या कार्डाची लॉग फाइल नीट पाहिली तर पुढच्या सगळ्या अडचणी तिच्यात बीजरूपाने सापडतात. प्रत्येक नोंदीच्या आरंभी दोन बाइटमध्ये तिची लांबी असते, मग एक बाइट सांकेतिक खूण, मग मजकूर. लांबीचे दोन बाइट मोठा बाइट आधी या क्रमाने लिहिलेले असतात आणि आतले बरेच आकडे लहान बाइट आधी या क्रमाने. एकाच फाइलमध्ये दोन शिस्ती नांदतात, आणि स्वतःचा वाचक-प्रोग्रॅम लिहिणारा हटकून इथे अडतो. ५६ सबकॅरिअरपैकी हे कार्ड फक्त ३० ची माहिती देते, आणि तीही समान अंतरावरची नसते. उणे २८ पासून दोन-दोनाने पुढे येत मध्याजवळ उणे १ आणि अधिक १, मग पुन्हा दोन-दोनाने २७ पर्यंत, आणि शेवटी २८. आलेखाच्या अक्षावर १ ते ३० असे क्रमांक घातले की मध्यावर आणि टोकाशी फेजचा उतार खोटाच वाकलेला दिसतो. असे आलेख छापलेल्या निबंधांतही दिसतात.

२०१५ मध्ये सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविद्यापीठातून अॅथेरॉस चिपांसाठी असेच साधन आले. त्याने २० मेगाहर्ट्झवर सगळे ५६ आणि ४० मेगाहर्ट्झवर सगळे ११४ सबकॅरिअर दिले. २०१९ मध्ये डार्मस्टाट तंत्रविद्यापीठ आणि ब्रेशा विद्यापीठ इथल्या मंडळींनी नेक्समॉन या फर्मवेअर-सुधारणेच्या प्रकल्पावर आधारलेले साधन दिले. त्यामुळे रास्पबेरी पाय ३बी+ आणि ४ सारख्या तळहाताएवढ्या संगणकावर ८० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे २५६ सबकॅरिअर, नोंदवता येऊ लागला. त्याची रचना मला विशेष आवडते. फर्मवेअर प्रत्येक मोजमाप एका साध्या यूडीपी पॅकेटमध्ये भरून ५५०० क्रमांकाच्या पोर्टवर सोडते. नोंद घेण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. नेटवर्क सांभाळणारा कुणीही रोज वापरतो त्या टीसीपीडंपने ती पॅकेटे पीकॅप फाइलमध्ये उतरवायची आणि मग सवडीने उघडायची. पीकॅपसोबत प्रत्येक पॅकेटची वेळही आपोआप नोंदली जाते.

आणि मग ईएसपी३२. चीनच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही काही शे रुपयांची चिप आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्रकल्पांत सर्रास दिसते. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये सीएसआय देण्याची सोय कंपनीनेच ठेवलेली आहे. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, प्रत्येक सबकॅरिअरचे दोन बाइट येतात आणि त्यांत काल्पनिक भाग आधी असतो, वास्तव भाग नंतर. इंटेलच्या नोंदीत क्रम याच्या उलट आहे. क्रम चुकला तरी आयामाचा आलेख तंतोतंत बरोबर येतो, कारण दोन्ही भागांच्या वर्गांची बेरीज तीच राहते. बिघडतो तो फेज. त्याच्या उताराचे चिन्हच उलटते. आयाम पाहून समाधान मानणाऱ्याला ही चूक महिनोन्‌महिने कळत नाही. दुसरी गोष्ट केबलची. १२८ आकडे स्वल्पविराम देऊन अक्षरांत छापले तर एक ओळ साधारण साडेचारशे बाइटची होते, आणि ११५२०० बॉडच्या सिरिअल केबलमधून अशा जेमतेम पंचवीस ओळी सेकंदाला जातात. चिप शंभर पॅकेटे ऐकते आणि केबल पंचवीसच पोचवते. केबलचा वेग वाढवला किंवा आकडे अक्षरांऐवजी बाइटमध्ये पाठवले की हे सुटते, पण त्याआधी ते लक्षात यायला हवे.

इथून वेळेचा प्रश्न सुरू होतो, आणि मला हाच सर्वांत दुर्लक्षित वाटतो. वाय-फायमध्ये पॅकेट हवे तेव्हा जात नाही. हवेत दुसऱ्या कुणाचे बोलणे चालू असले तर थांबावे लागते, टक्कर झाली तर पुन्हा पाठवावे लागते. म्हणून प्रयोगात सेकंदाला शंभर पॅकेटे पाठवली तरी ती दर दहा मिलिसेकंदांनी एक अशी येत नाहीत. कधी तीन एकदम येतात, कधी पाव सेकंद शांतता असते. त्यावर चिपकडून संगणकापर्यंतच्या वाटेत काही नोंदी गळतात. इंटेलच्या साधनात यासाठी एक मोजणीचा आकडा ठेवलेला आहे. तो सलग वाढत असला तर काही गळलेले नाही. मधला आकडा सुटला तर तिथे नोंद हरवली आहे. कार्डाचे घड्याळ मायक्रोसेकंद मोजते, पण त्याचे फक्त ३२ बिट नोंदले जातात, त्यामुळे सुमारे ७२ मिनिटांनी ते पुन्हा शून्यावर येते. रात्रभर झोपेतल्या श्वासाची नोंद घेणाऱ्याने हे वळण सांभाळले नाही तर पहाटेची नोंद संध्याकाळच्या आधी जाऊन बसते.

किती वेगाने पॅकेटे हवीत याचा हिशोब तसा सोपा आहे. ५.३ गिगाहर्ट्झवर लहरीची लांबी सुमारे ५.७ सेंटिमीटर असते. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या माणसावरून परतणारी वाट जास्तीत जास्त सेकंदाला दोन मीटरने बदलते, म्हणजे आयामात सुमारे ३५ हर्ट्झची लहर उमटते. ती टिपायला सेकंदाला किमान ७० नमुने हवेत, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. राउटर आपोआप पाठवतो ते बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला दहाच्या आसपास असतात. त्यांवरून श्वास कळू शकतो, कारण तो मिनिटाला बारा ते वीस वेळा होतो. चालण्याचा वेग मात्र त्यांतून काढता येणार नाही. जो काढून दाखवला जाईल तो भासमान असेल.

आयामाचे प्रश्न तुलनेने सरळ आहेत. चिपमध्ये येणारा सिग्नल आपोआप लहानमोठा करणारी व्यवस्था असते. खोलीत काहीच हलले नाही तरी तिने पायरी बदलली की सगळ्या सबकॅरिअरचा आयाम एकदम उडी घेतो. इंटेलच्या साधनात आरएसएसआय आणि त्या व्यवस्थेची पायरी दोन्ही नोंदलेली असतात, त्यामुळे आकडे मूळ पट्टीवर परत आणता येतात. जिथे पायरी नोंदलेली नसते तिथे अशी उडी आणि दार उघडल्याने झालेली उडी वेगळी ओळखणे फार कठीण होते. त्यानंतर एकटेदुकटे बहकलेले आकडे मध्यकाच्या आधाराने बाजूला काढणे, गुळगुळीत करणे, अनेक सबकॅरिअरमधला सामाईक बदल मुख्य घटक पद्धतीने वेगळा करणे ही कामे ठरलेलीच आहेत. नानजिंगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कार्म या पद्धतीत मुख्य घटकांचा असा उपयोग केला आणि तो पुढे रूढ झाला.

फेज हे या विषयाचे खरे कोडे आहे. पाठवणारे आणि ऐकणारे यंत्र यांची घड्याळे वेगळी असतात. मानकाप्रमाणे प्रत्येकाला दशलक्षात वीस भाग चूक माफ आहे. ५ गिगाहर्ट्झवर ती एका बाजूला १०० किलोहर्ट्झपर्यंत जाते. चिप ती बरीचशी दुरुस्त करते, पण उरलेला अंश प्रत्येक पॅकेटमध्ये वेगळा असतो, म्हणून एका अँटेनाचा कच्चा फेज पॅकेटमागून पॅकेट मांडला तर नुसता विखुरलेला पाचोळा दिसतो. दुसरी गडबड पॅकेट नेमके कधी सुरू झाले हे ओळखण्यात होते. २० मेगाहर्ट्झवर एक नमुना ५० नॅनोसेकंदांचा. तेवढी चूक झाली तर पहिल्यापासून शेवटच्या सबकॅरिअरपर्यंत फेज जवळजवळ एक पूर्ण फेरा फिरतो, आणि अंतराच्या हिशोबात तीच चूक १५ मीटरची होते. म्हणजे दिवाणखान्यात उभ्या माणसाचा फेज यंत्राच्या चुकीपुढे अगदी क्षुल्लक ठरतो.

यावर जे उपाय निघाले त्यांत मला सर्वांत सुंदर वाटतो तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्पॉटफायमधला. २०१५ च्या या निबंधाचे चार लेखक मणिकांत कोटारू, किरण जोशी, दिनेश भारदिया आणि सचिन कट्टी. यांपैकी भारदिया मूळचे इचलकरंजीचे आणि कट्टी आयआयटी मुंबईचे पदवीधर. त्यांनी हेरले ते असे: पॅकेट उशिरा ओळखल्याने जो उतार येतो तो एकाच कार्डाच्या तिन्ही अँटेनांवर सारखाच असतो, कारण तिघींचे घड्याळ एक आहे. मग तिन्हींना मिळून एकच सरळ रेषा बसवायची आणि तिचा उतार सगळ्यांतून वजा करायचा. अँटेनांमधला फरक, ज्यात लहर कोणत्या दिशेने आली ते दडलेले असते, तो शाबूत राहतो. त्यानंतर ३० सबकॅरिअर आणि तीन अँटेना एकत्र घेऊन दिशा आणि विलंब एकाच वेळी शोधला जातो. बाजारात मिळणाऱ्या कार्डावर त्यांनी ४० सेंटिमीटरची मध्यक अचूकता दाखवली.

याची किंमतही माहीत असावी. उतार वजा केला की लहर खरोखर किती वेळाने आली हेही त्याच्याबरोबर जाते. उरतो तो वाटांमधला सापेक्ष विलंब. ज्याला दिशा हवी त्याचे यात नुकसान नाही. ज्याला अंतर हवे त्याने हीच पायरी डोळे झाकून उचलली तर त्याने आपल्याच हाताने उत्तर पुसले. दुसरा मार्ग एका अँटेनाच्या संख्येला दुसऱ्या अँटेनाच्या संख्येने भागण्याचा. दोघींवरची यंत्राची चूक सामाईक असल्याने ती गळून पडते. पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये फारसेन्समध्ये हा भागाकार वापरून दूर बसलेल्या माणसाचा श्वास टिपला. यात छातीची हालचाल अवघी काही मिलिमीटर असते हे ध्यानात घेतले की त्या कामाचे मोल कळते. अँटेना एकच असेल, जसे ईएसपी३२ वर बहुधा असते, तर हा मार्ग बंद होतो आणि आयामावरच भिस्त ठेवावी लागते.

विलंबाच्या चित्राबद्दल एक सावधगिरी. सबकॅरिअरवरच्या संख्यांचे उलटे फूरिए रूपांतर केले की कोणती वाट किती उशिरा आली याचा आलेख मिळतो. त्याची बारकाई पट्ट्याच्या रुंदीने ठरते: २० मेगाहर्ट्झला १५ मीटर, ८० ला पावणेचार मीटर. अनेक प्रोग्रॅम रूपांतराआधी शून्ये भरून आलेख गुळगुळीत करतात, आणि तो अर्ध्या मीटरची बारकाई असल्यासारखा दिसू लागतो. भरलेल्या शून्यांनी माहिती वाढत नाही. आलेखाखाली पट्ट्याची रुंदी लिहिलेली असावी, एवढी अपेक्षा वाचकाने जरूर करावी.

चित्र काढण्याची नेहमीची रीत म्हणजे आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर सबकॅरिअर आणि रंगात आयाम. माणूस चालत गेला की त्यात तिरप्या पट्ट्या उमटतात आणि डोळ्याला हालचाल चटकन कळते. या चित्राआधी सबकॅरिअरचा क्रम लावावा लागतो, कारण बऱ्याच चिपांच्या नोंदीत शून्यापासून वरचे अर्धे आधी आणि ऋण बाजूचे अर्धे नंतर येतात. कडेचे आणि मधले रिकामे सबकॅरिअरही काढावे लागतात. त्यांत चॅनेलची माहिती नसतेच, आणि तिथला एखादा मोठा आकडा सगळी रंगपट्टी स्वतःकडे ओढून घेतो, मग उरलेले चित्र एकाच रंगाचे होते.

सर्वांत मोठी चूक मात्र आडव्या अक्षावर होते. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये आकड्यांचा तक्ता थेट प्रतिमा म्हणून दाखवला की प्रत्येक पॅकेटला सारखीच रुंदी मिळते. पाव सेकंदाची शांतता चित्रात दिसतच नाही. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि संथ चाल झटक्यासारखी दिसते. वेळेच्या खऱ्या खुणांवर चौकटी आखण्याची सोय मॅटप्लॉटलिबमध्येच आहे. ती वापरावी, आणि जिथे नोंदच नाही तिथे कोरी जागा ठेवावी. समान अंतराचे नमुने लागणाऱ्या गणितासाठी मधले आकडे भरावे लागले, तर किती भरले ते चित्रावर दिसले पाहिजे. रेडिओ खगोलशास्त्रात ही शिस्त पक्की मुरलेली आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या तीस दुर्बिणींवर येणाऱ्या सिग्नलमध्ये मोबाइल-टीव्हीसारख्या माणसाच्या वापरातल्या लहरींचा व्यत्यय येतो, तेव्हा वेळ आणि वारंवारतेच्या तक्त्यातला तेवढा भाग खूण करून हिशोबाबाहेर ठेवतात. वाय-फायच्या संशोधनाने ही सवय उचलण्याजोगी आहे.

रंगांचेही तसेच. निळ्यापासून लालपर्यंतची जुनी 'जेट' रंगपट्टी पिवळ्यापाशी अशी कडा दाखवते जी आकड्यांत नसते. मॅटलॅबने २०१४ मध्ये आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये ती मूळ निवडीतून काढली. फेजसाठी तर चक्राकार रंगपट्टीच हवी, कारण उणे १८० अंश आणि अधिक १८० अंश एकच असतात. साध्या पट्टीत ते दोन टोकांचे रंग घेतात आणि नसलेली दरी दिसते.

इतके करून आकडे यंत्रशिक्षणाकडे जातात, आणि इथे मला या क्षेत्राविषयी मनापासून काळजी वाटते. पाच मिनिटांच्या एका नोंदीचे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडायचे, ते पिसायचे, काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवायचे ही पद्धत सर्रास आढळते. शेजारचे दोन तुकडे जवळजवळ सारखेच असतात, म्हणून तपासणीतले प्रश्न शिकवणीतच येऊन गेलेले असतात. नव्वदीच्या पुढची अचूकता येते आणि खुर्ची दोन हात सरकवली की कोसळते, कारण प्रणालीने माणसाऐवजी त्या दिवसाची खोली पाठ केलेली असते. शिकवणी आणि तपासणी वेगळ्या दिवसांच्या, वेगळ्या खोल्यांच्या, वेगळ्या माणसांच्या नोंदींवर व्हायला हवी. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या विडार ३.० ने २०१९ मध्ये हा प्रश्न समोर धरून काम केले. हातवाऱ्यांचे वर्णन खोलीच्या संदर्भात न करता माणसाच्या शरीराच्या संदर्भात, वेगांच्या नकाशाने केले, आणि नोंदी इतरांसाठी खुल्या ठेवल्या.

दुसरी काळजी खाजगीपणाची. ८०२.११एसी मानकात फोन राउटरला चॅनेलचा संक्षिप्त अहवाल पाठवतो, म्हणजे राउटर आपला झोत फोनकडे वळवू शकेल. हा अहवाल कोनांच्या रूपात असतो आणि तो कूटबद्ध नसतो. शेजारच्या घरात पॅकेटे ऐकत बसलेल्या साध्या लॅपटॉपला तो वाचता येतो. त्यासाठी बदललेले फर्मवेअरही लागत नाही. मोजमापांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण हव्या त्या चिपच्या नोंदी मिळतात. पण ज्यांच्या हालचालीची नोंद होते आहे त्यांना याचा पत्ता नसतो. नोंद घेणाऱ्याने घरातल्यांची संमती घेतलीच पाहिजे, आणि यंत्रांचे मॅक पत्ते लॉगमधून काढल्याशिवाय फाइल कुणाला देऊ नये.

२०२५ मध्ये ८०२.११बीएफ हे वाय-फायने परिसर जाणण्यासाठीचे मानक पक्के झाले. मोजमाप कुणी मागायचे, कधी करायचे, त्याचा अहवाल कोणत्या साच्यात द्यायचा हे त्यात ठरले आहे, त्यामुळे एका जुन्या कार्डावर अडकून राहण्याचे दिवस सरत आहेत. त्या अहवालातून माणूस पडल्याचे ओळखायचे, श्वास मोजायचा की माणसे मोजायची, आणि त्यासाठी आकडे कसे धुवायचे हे मानकाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. म्हणून नोंदी देणाऱ्याने त्यांच्यासोबत चिपचे नाव, फर्मवेअरची आवृत्ती, चॅनेल आणि पट्ट्याची रुंदी, सबकॅरिअरचे क्रमांक, अँटेनांच्या जागा, गळलेल्या पॅकेटांची मोजणी आणि न धुतलेली मूळ फाइल द्यायला हवी. मूळ फाइल मोठी होते, रात्रभराची काही गिगाबाइटही भरते. तरी तीच ठेवावी, कारण फेज साफ करण्याची उद्याची अधिक चांगली रीत फक्त तिच्यावरच लावून पाहता येईल.